मातीवरचं कुत्रं फरशीवर येतं तेव्हा

जतच्या माळावर वाढलेलं कारवानी जातीचं कुत्रं सांगलीत, विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये आणलं की पहिल्याच आठवड्यात तक्रार सुरू होते. खाली अर्धा तास फिरवलं तेव्हा काही केलं नाही, आणि दारातून आत आल्याबरोबर हॉलमध्ये धार सोडली. घरच्यांना हा हट्ट वाटतो. पण लहानपणी ज्या जमिनीवर शी-शू करायची सवय लागली, तशीच जमीन पायाखाली आली तर कुत्र्याचं शरीर मोकळं होतं. माळावरच्या पिलाला माती, गवत, बांध ठाऊक. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक, गाड्यांचे हॉर्न आणि परक्या कुत्र्यांचे वास. तिथं ते घाबरून दाबून धरतं आणि घरात जीव भांड्यात पडला की सुटतं.

म्हणून सुरुवात मातीपासून करावी. जवळपास मोकळा प्लॉट असेल तर रोज तिथंच, त्याच वाटेनं, पट्टा लावून न्यावं आणि एका जागी गप्प उभं राहावं. काम झालं की तिथल्या तिथं शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्यावा. वर घरी जाऊन दिलेला खाऊ त्याला शू केल्याचा वाटत नाही, घरी आल्याचा वाटतो. आणखी एक गोष्ट फार थोडे जण पाळतात: काम झाल्याबरोबर परत फिरू नये, थोडं हिंडवावं. शू केली की फिरणं संपतं हे एकदा त्याला कळलं, की ते मुद्दाम लांबवायला शिकतं.

वेळा त्याच्या शरीरानंच ठरवून दिलेल्या असतात. झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांत. पोटात अन्न गेलं की आतडी हलू लागतात, त्यामुळे जेवणाची वेळ बांधली की शीची वेळ आपोआप बांधली जाते. दोन महिन्यांचं पिलू दिवसा जेमतेम दोन-तीन तास धरू शकतं, त्याहून जास्त अपेक्षा करणं अन्याय आहे. आपल्याकडे रात्री उशिरा दूध-भाकरी घालायची रीत आहे. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि पहाटे पॅसेज खराब होतो. संध्याकाळी लवकर, बिनदुधाचं जेवण दिलं तर हा त्रास बराच कमी होतो. पाणी मात्र तोडू नये.

नाक घाणीत घासणं आणि वहाणेनं मारणं अजून चालतं, याचं मला फार वाईट वाटतं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला सातारकर छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघापासून वाचवलं म्हणून महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला, असं इतिहासकार ग्रँट डफनं लिहून ठेवलं आहे. त्याच मुलखात कुत्र्याला न कळणाऱ्या गुन्ह्यासाठी मार बसतो. मारल्यानं ते एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग सोफ्यामागे करतं, आणि बाहेर तुम्ही शेजारी उभे असताना अजिबात करत नाही. कारवानी जात तर मुळातच बुजरी, नुसता चढा आवाजही तिला पुरतो. काही कुत्री माणूस अंगावर वाकला की भीतीनंच थेंब सोडतात. तिथं रागावणं सोडून, खाली बसून, बाजूनं हात पुढे करावा.

फरशी फिनेलनं पुसली की आपल्याला वास येत नाही, पण कुत्र्याच्या नाकात वीसेक कोटी वासपेशी असतात. जुनी जागा त्याला बरोबर सापडते. लघवीतले घटक खरोखर मोडणारं एन्झाइमचं क्लीनर पेट शॉपमध्ये मिळतं. ते नसेल तर पाण्यात व्हिनेगर घालून पुसावं. मात्र शहाबादी किंवा संगमरवरावर व्हिनेगर नको, आम्ल तो दगड खातं.

मेढा, महाबळेश्वर भागात पाऊस चार महिने हटत नाही आणि उन्हाळ्यात शिकलेलं कुत्रं जुलैत उंबरा ओलांडत नाही. पोर्चमध्ये मोठ्या घमेल्यात त्याच्या ओळखीची माती भरून ठेवावी, त्यात त्याच्याच लघवीनं भिजलेलं फडकं टाकावं. लसीकरण पुरं न झालेल्या पिलालाही हेच बरं. पार्व्हो या पिलांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, त्यामुळे भटकी कुत्री येतात त्या जागी त्याला नेऊ नये, तिथली माती घमेल्यातही भरू नये.

वळण लागलेलं कुत्रं अचानक घरात शू करू लागलं, तर आधी घरात काय बदललं ते पाहावं. सांगलीत २०१९ च्या महापुरात झालं तसं घर सोडावं लागलं, तर शिकलेलं कुत्रंही नव्या जागी चुकू शकतं. त्याला पुन्हा पहिल्यापासून जागा दाखवावी. बदल काहीच नसेल, शू थेंब-थेंब होत असेल किंवा लाल दिसत असेल, तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा खडा असू शकतो. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून लगेच डॉक्टरांकडे न्यावी. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयातही जनावरं तपासली जातात. तिथं जाताना शेवटचं जेवण कधी दिलं आणि दिवसातून किती वेळा शू होते, हे लिहून न्यावं.