गिऱ्हाईक कोणत्या शब्दाने हाक मारते?

कोगनोळीचा टोल नाका माहीत नाही असा माणूस या भागात सापडणार नाही. पलीकडे दूधगंगेचा पूल, त्याच्या पुढे कागल. २०२१ साली कोरोनाच्या काळात महाराष्ट्रातून येणाऱ्यांना याच नाक्यावर चाचणीचा दाखला दाखवावा लागत होता. सीमा म्हणजे काय, हे आम्हा सीमावासीयांना कोणी शिकवायला नको. पण हीच रेघ आता मोबाईलवरील जाहिरातीतही मारली जाते आणि ती आपणच आपल्या हाताने मारतो, हे आम्हाला गेल्या दिवाळीत कळले.

झाले असे. आमचा एक जुना विद्यार्थी निपाणी परिसरात कोल्हापुरी चपला तयार करून विकतो. शहरातील एका माणसाकडून त्याने गुगलवर जाहिरात करवून घेतली. महिन्याभरात तीन हजार रुपये संपले, गिऱ्हाईक एकही आले नाही. "सर, हे आपल्यासारख्यांचं काम न्हवं," असे म्हणत तो आमच्याकडे आला. आम्ही आयुष्यभर भाषा शिकविली, धंदा केला नाही. तरी त्याच्याबरोबर बसून हिशेब पाहिला, तेव्हा ध्यानात आले की चूक मालात नव्हती, शब्दात होती.

ही जाहिरात म्हणजे एक लिलाव असतो. दुकानदार काही शब्द निवडून ठेवतो. कोणी तसा शब्द शोधला की त्या क्षणी लिलाव होतो आणि बोलीची रक्कम व जाहिरातीचा दर्जा पाहून जागा ठरते. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत. कोणी ती दाबली की पैसे कापले जातात. म्हणजे शब्द चुकला की भलतीच माणसे दुकानात डोकावतात आणि त्यांचा खर्च मात्र आपल्या खिशातून जातो.

आमच्या विद्यार्थ्याच्या जाहिरातीत एकच शब्द होता, 'कोल्हापुरी'. आता कोल्हापुरी काय फक्त चप्पलच असते? मिसळ कोल्हापुरी, मसाला कोल्हापुरी, गळ्यातला साजही कोल्हापुरी! मिसळ शोधणाऱ्याने चप्पल का घ्यावी? यासाठी वगळायच्या शब्दांची यादी देण्याची सोय असते. मिसळ, मसाला, साज हे शब्द त्या यादीत घातले की निम्मी गळती थांबते.

दुसरी गोष्ट, आपला शब्द आणि गिऱ्हाईकाचा शब्द एकच असतो असे नाही. आपण घरात 'पायताण' म्हणतो. मुंबईचा माणूस 'कोल्हापुरी चप्पल' लिहितो, तेही बहुधा इंग्रजी अक्षरांत. बेळगाव कोणी जुन्या इंग्रजी स्पेलिंगने लिहितो, तर कोणी २०१४ साली अधिकृत झालेले बेळगावी हे नाव लिहितो. खुद्द कोगनोळीचेच इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होते. हे सारे तपासण्यासाठी गुगलच्या जाहिरात खात्यात 'कीवर्ड प्लॅनर' नावाचे साधन आहे. भाषा आणि प्रदेश निवडून शब्द घातला की तो महिन्याला सरासरी किती वेळा शोधला जातो आणि त्यासाठी साधारण किती बोली लागते, याचा अंदाज मिळतो. मोठ्या शब्दावर सगळ्यांची उडी पडते. त्यापेक्षा 'कापशी चप्पल' असा नेमका शब्द बरा. तो लिहिणारे थोडे. पण जो लिहितो, त्याला काय घ्यायचे ते ठाऊक असते.

'कोल्हापुरी' म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे का, अशी शंका काहींना येते. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तशीच चप्पल मिलानच्या प्रदर्शनात मांडली आणि देशभर ओरड झाली, तेव्हा हे नाव जगाच्या तोंडी गेले. त्या नावात आपल्या जिल्ह्याच्या कारागिराचाही वाटा आहे.

आता त्या रेघेविषयी. जाहिरात कोठे दिसावी, या रकान्यात त्या माणसाने 'कर्नाटक' एवढेच निवडले होते. झाले! मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक बाद, कोल्हापूर बाद, हाकेच्या अंतरावरचे कागलही बाद. वास्तविक तेथे हवी ती शहरे निवडता येतात. इतकेच नव्हे, तर आपल्या दुकानाभोवती ठराविक किलोमीटरचे वर्तुळही काढता येते. ते वर्तुळ राज्याची हद्द पाहत नाही. कोगनोळीच्या शिंप्याला किंवा शिकवणी वर्गाला हे वर्तुळच उपयोगी. माल टपालाने पाठविणाऱ्याला शहरांची यादी.

वाचकहो, शेवटी एक गोष्ट मनापासून सांगतो. हे यंत्र शोधलेल्या शब्दांची मोजदाद करते. मराठीत कोणी शोधलेच नाही, तर मराठी शब्दापुढे शून्य दिसते. शून्य पाहून दुकानदार मराठीत जाहिरात देत नाही. आणि मराठी जाहिरात नाही म्हणून आपण पुन्हा इंग्रजीकडे वळतो. संख्येचे मोल सीमाभागाइतके कोणाला कळणार? भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारी परिपत्रके मिळण्यासाठीही लोकसंख्येच्या १५ टक्क्यांचा निकष आहे. दुकानाच्या पाटीवर कर्नाटकात २०२४ पासून ६० टक्के कन्नड सक्तीचे आहे. परंतु शोधाच्या चौकटीत कोणती भाषा लिहावी, याची सक्ती कोणावर नाही.

त्या विद्यार्थ्याने शब्द बदलले, गावे बदलली. पंधरा दिवसांनी पुण्याहून पहिला फोन आला. समोरच्या बाईंनी विचारले, "कापशी आहे का हो तुमच्याकडे?" तो मराठीत म्हणाला, "आहे की! नंबर किती पायाचा?"