हृदयविकारानंतर पुन्हा डोंगरवाट

पावसाळा सरला की सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरांकडे पदभ्रमण करणाऱ्यांची पावले वळू लागतात. हृदयविकाराच्या झटक्यातून किंवा बायपास शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला मात्र हा ऋतू पेचात टाकतो. घरच्यांना डोंगराचे नावही नको असते आणि त्याला डोंगराविना जगणे अपुरे वाटते. वैद्यकशास्त्राचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे: बहुतेकांना पुन्हा जाता येते, पण पायरीपायरीने.

एके काळी अशा रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणावरच ठेवीत. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन यांनी रुग्णाला लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला आणि सक्तीच्या विश्रांतीचा आग्रह ढिला पडू लागला. त्याच्याही कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मन वैद्य ओर्टेल यांनी हृदयरुग्णांसाठी चढाच्या वाटांवर क्रमाने वाढत जाणाऱ्या चालण्याचा उपचार मांडला होता. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दमसास घटतो. नियमित चालण्याने स्नायू रक्तातील प्राणवायू अधिक चांगला वापरू लागतात आणि तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी श्रम पडतात.

आरंभ डॉक्टरांच्या तपासणीने व्हावा. त्यांच्या संमतीनंतर सपाट रस्त्यावर थोडा वेळ चालावे आणि दर आठवड्याला थोडी वाढ करावी. ते सहज जमू लागले की घराचा जिना, मग पणजीच्या आल्तिनोसारखा डांबरी चढ. पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत ही त्यापुढची पायरी. तेथे वाहन बरेच वरपर्यंत जात असल्याने अर्ध्यावरून परतण्याची सोय असते.

श्रमाचे माप घेताना मनगटावरच्या घड्याळावर विसंबू नये. बीटा ब्लॉकर गटातील औषधे नाडीची गती दाबून ठेवतात, त्यामुळे आकडा कमी दिसला तरी श्रम जास्त झालेले असू शकतात. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबावे.

बायपासमध्ये कापलेले छातीचे हाड सांधण्यास साधारण तीन महिने लागतात. तोवर पाठीवर ओझे घेऊ नये. उतार सोपा वाटतो, पण मांड्या आणि गुडघ्यांवर खरा ताण तेथेच येतो. म्हणून सारी शक्ती चढावर संपवू नये. गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही आणि शरीर थंड ठेवण्याचा जादा भारही हृदयावर पडतो; सकाळी लवकर निघावे. लघवीचे प्रमाण वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांनाच विचारावे.

छातीत आवळल्यासारखे होणे, जबड्याकडे किंवा हाताकडे पसरणारी वेदना, घेरी, थंड घाम ही लक्षणे दिसताच बसावे, जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असल्यास सांगितल्याप्रमाणे घ्यावी आणि १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. रानात मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून सोबती हवाच आणि परतण्याची वेळ घरी सांगून ठेवावी.

प्रगतीची कसोटी दुसऱ्या दिवशी लागते. सकाळी उठल्यावर अंगात थकवा उरला नसेल, तर कालची चाल योग्य होती. उरला असेल, तर पुढच्या खेपेस वाट थोडी आखूड करावी.