लेट लतीफ ड्रोग्बा

एकविसाव्या वर्षी पहिला प्रोफेशनल करार, चोविसाव्या वर्षी थोडीफार ओळख आणि सव्विसाव्या वर्षी थेट चेल्सी! 'आपली गाडी सुटली बहुतेक' असं ज्यांना वाटतंय, त्यांनी दिदिए ड्रोग्बाचा बायोडेटा एकदा वाचावाच.

अप्रेझलचा सीझन आला की ऑफिसमध्ये एक विचित्र आजार पसरतो. कोण किती वर्षांचा आणि कुठे पोचला, याचा हिशेब सुरू होतो. कॉलेजमधला बॅकबेंचर टीम लीड झालेला असतो, धाकट्या मावसभावाने फ्लॅट बुक केलेला असतो आणि आपण? सव्विसाव्या वर्षीही त्याच क्युबिकलमध्ये, तोच गार झालेला चहा.

आता फुटबॉलवाल्यांचा विचार करा. तिथे तर हा आजार जन्मापासूनच! वेन रुनी सोळाव्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये उतरला, मेसी सतराव्या वर्षी बार्सिलोनाकडून लीग खेळला. अठरा-एकोणीसपर्यंत नाव झालं नाही, तर एजंट फोन उचलणं बंद करतात.

निकोला अनेल्का आठवतो? २०१४ मध्ये मुंबई सिटी एफसीकडून खेळायला आलेला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपण पाहिलेला? तो सतराव्या वर्षी आर्सेनलमध्ये होता. १९९९ च्या उन्हाळ्यात, विशीत, सव्वादोन कोटी पौंडांच्या घरातल्या किमतीला तो रेआल माद्रिदला गेला. त्याच वर्षी, त्याच फ्रान्समध्ये, त्याच्याहून एका वर्षाने मोठा असलेल्या एका पोराला दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबने पहिलं प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्ट दिलं. पोराचं नाव दिदिए ड्रोग्बा. पुढे हे दोघं चेल्सीत एकत्र खेळले. पण तिथपर्यंत पोचायला ड्रोग्बाला जो वळसा पडला, तीच खरी गोष्ट.

एकट्याचा विमानप्रवास

जन्म ११ मार्च १९७८, आयव्हरी कोस्टमधल्या आबिदजान शहरात. आई-वडील दोघंही बँकेत नोकरीला, म्हणजे आपल्यासारखंच मध्यमवर्गीय घर. युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांच्यावरून आईने लाडाचं नाव ठेवलं 'टिटो'. काका मिशेल गोबा फ्रान्समध्ये प्रोफेशनल फुटबॉलर. पोराचं भलं होईल म्हणून घरच्यांनी त्याला काकाकडे पाठवलं. तेव्हा त्याचं वय होतं पाच वर्षं. आणि विमानात तो एकटा!

काका क्लब बदलायचा, तसं गाव बदलायचं. गाव बदललं की शाळा आणि मित्रही बदलायचे. तीन वर्षांत पोरगं घरच्या आठवणीने इतकं कासावीस झालं, की त्याला परत आबिदजानला आणावं लागलं. तिथे एका पार्किंगच्या जागेत रोज फुटबॉल चालायचा, पठ्ठ्या खुशीत होता. पण मग आई-वडिलांच्या नोकऱ्या गेल्या आणि दिदिएची पुन्हा काकाकडे रवानगी झाली.

काकाने मात्र एक मोलाची गोष्ट केली. पुतण्या बचावफळीत खेळताना दिसला, तेव्हा त्याने त्याला सरळ पुढे जायला सांगितलं. फुटबॉलमध्ये लोक बघतात ते स्ट्रायकरकडे, मागे उभं राहून काय मिळणार, असा काकाचा साधा फंडा!

अकाउंट्सचा विद्यार्थी

पुढे आई-वडीलही फ्रान्सला आले. पॅरिसजवळच्या उपनगरात संसार थाटला आणि दिदिए लेव्हाल्वा नावाच्या हौशी-व्यावसायिक क्लबमध्ये खेळू लागला. ज्या वयात अनेल्कासारखी मुलं नामांकित अकादमीत घडत होती, त्या वयात हा शाळा सांभाळून जमेल तसं खेळत होता. शाळा संपल्यावर तो ल माँ शहरात गेला. मोटार शर्यतीसाठी प्रसिद्ध आहे ना, तेच ल माँ. आणि तिथे युनिव्हर्सिटीत त्याने विषय घेतला अकाउंटन्सी! होय, प्रीमियर लीगचे बचावपटू ज्याला पुढे टरकून असायचे, तो गडी डेबिट-क्रेडिट शिकत होता.

क्लबमध्येही सगळं सुरळीत नव्हतं. पहिल्या वर्षी पावलाचं हाड मोडलं, पुढच्या वर्षी घोट्याजवळ फ्रॅक्चर. रोज सराव आणि दर आठवड्याला सामना हा प्रोफेशनल खेळाडूचा साधा दिनक्रम, पण तो त्याच्या शरीराला झेपतच नव्हता. तो झेपायला चार वर्षं लागली, असं त्याचे तिथले कोच मार्क वेस्टरलॉप यांनी नंतर सांगितलं. आपल्याकडे अशा पोराला 'हा काही आपल्या कामाचा नाही' म्हणून घरी पाठवलं असतं. वेस्टरलॉप थांबले.

१९९९ मध्ये करार झाला आणि त्याच सुमाराला ड्रोग्बा बापही झाला. ही जबाबदारी आपल्याला सरळ करून गेली, असं तो सांगतो. पहिल्या प्रोफेशनल मोसमात ७ गोल. चला, गाडी लागली रुळावर! पण कसचं काय, पुढच्या मोसमात दुखापत झाली, संघातली जागा दुसऱ्याला गेली आणि गोलांचा रकाना चक्क कोरा राहिला.

८० हजार ते २ कोटी ४० लाख

जानेवारी २००२ मध्ये गँगाँ या छोट्याशा गावच्या क्लबने त्याला घेतलं. किंमत फक्त ८० हजार पौंड. क्लब मात्र फ्रान्सच्या पहिल्या श्रेणीतला होता. पुढच्या मोसमात ३४ सामन्यांत १७ गोल! चोविसावं संपून पंचविसावं लागत होतं, तेव्हा कुठे लोक विचारू लागले, हा कोण बुवा?

२००३ मध्ये मार्सेयने ३३ लाख पौंड मोजले. एका मोसमात लीगचे १९ गोल, संघ यूएफा कपच्या फायनलमध्ये आणि ड्रोग्बा फ्रेंच लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी पोर्तोचे कोच जोस मोरिन्हो यांनी त्याला गोल करताना पाहिलं. तुझ्यासारखा खेळणारा एखादा भाऊ गावाकडे आहे का, कारण तू काही आम्हाला परवडायचा नाहीस, असं त्यांनी गमतीत विचारलं होतं म्हणे. काही महिन्यांतच मोरिन्हो चेल्सीत आले, तिथे परवडण्याचा प्रश्नच नव्हता. जुलै २००४, २ कोटी ४० लाख पौंड. अडीच वर्षांत तीनशे पट! (एवढं इन्क्रिमेंट कुठल्या एचआरने दिलंय?)

पण लंडनने काही पायघड्या घातल्या नाहीत. मार्सेय सोडायची त्याची मनापासून इच्छा नव्हती. त्यात नवी भाषा, नवा देश, पुन्हा एकदा नवं गाव. धक्का लागला की पडतो, नाटकं करतो, अशी टीका दोन वर्षं ऐकावी लागली. चेल्सीने २००५ मध्ये ५० वर्षांनी लीग जिंकली, २००६ मध्ये पुन्हा जिंकली, तरी २ कोटी ४० लाख वसूल झाले का, ही चर्चा चालूच. उत्तर मिळालं २००६-०७ मध्ये. लीगमध्ये २० गोल, गोल्डन बूट आणि आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलर हा किताब. वय २९.

ड्रेसिंग रूममधला माइक

परदेशात करिअर करणाऱ्याला मायदेशाची बातमी फोनवरून कळते. ड्रोग्बाच्या फोनवर येणाऱ्या बातम्या युद्धाच्या होत्या. सप्टेंबर २००२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये यादवी पेटली. उत्तर बंडखोरांकडे, दक्षिण सरकारकडे, अशी देशाची फाळणीच झाली.

८ ऑक्टोबर २००५. सुदानला ३-१ हरवून आयव्हरी कोस्ट पहिल्यांदाच वर्ल्ड कपला पात्र ठरलं. ड्रेसिंग रूममध्ये जल्लोष चालू, टीव्हीचा कॅमेरा आत आलेला. ड्रोग्बाने माइक हातात घेतला. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, सगळीकडची पोरं आम्ही एका संघात खेळतो, मग देश का नाही? शस्त्रं खाली ठेवा, निवडणुका घ्या. आणि अख्खा संघ गुडघ्यांवर बसला.

'ड्रोग्बाने युद्ध थांबवलं' असं सर्रास सांगितलं जातं. तसं झालं नाही. शांतता करार झाला मार्च २००७ मध्ये, वाटाघाटींतून. पण त्या जूनमध्ये आफ्रिकन कपचा पात्रता सामना आबिदजानऐवजी बंडखोरांच्या बालेकिल्ल्यात, बुआके शहरात झाला, तो ड्रोग्बाच्या आग्रहामुळे. मादागास्करवर ५-० विजय, पाचवा गोल त्याचाच. दुर्दैवाने २०१० च्या निवडणुकीनंतर पुन्हा रक्त सांडलं, सुमारे तीन हजार माणसं गेली. तेव्हा नेमलेल्या समेट आयोगातही तो सदस्य म्हणून बसला. फुटबॉलरच्या शब्दाला किती वजन असतं आणि ते कुठे संपतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळलं असेल?

पेनल्टी, पेनल्टी, पेनल्टी

आता जरा त्याच्या फसलेल्या दिवसांची यादी. २००६, कैरो: आफ्रिकन कपची फायनल, शूटआउटमध्ये ड्रोग्बाची पेनल्टी वाया, विजेता इजिप्त. २००८, मॉस्को: चॅम्पियन्स लीगची फायनल, जादा वेळेत विडिचच्या गालावर चापट, रेड कार्ड. शूटआउटला तो मैदानावरच नव्हता. जॉन टेरी घसरला, शेवटी अनेल्काची पेनल्टी अडवली गेली, कप मँचेस्टर युनायटेडला. फेब्रुवारी २०१२: पुन्हा आफ्रिकन कपची फायनल, सामन्यातच मिळालेली पेनल्टी त्याने बारवरून मारली, झांबिया जिंकलं.

आणि तीन महिन्यांनी, १९ मे २०१२ ला म्युनिक. पुन्हा चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर बायर्न, तेही त्यांच्याच घरच्या मैदानावर. ८३ व्या मिनिटाला बायर्नचा गोल. ८८ व्या मिनिटाला चेल्सीला सामन्यातला पहिला कॉर्नर मिळाला, माटाने चेंडू टाकला आणि ड्रोग्बाचं हेडर, १-१. संपलं? छे! जादा वेळेत त्यानेच रिबेरीला पाडलं आणि बायर्नला पेनल्टी दिली. चेकने रॉबेनचा फटका अडवला म्हणून वाचला.

शूटआउटमध्ये पाचवी, शेवटची पेनल्टी ड्रोग्बाची. वय ३४, कराराचे शेवटचे काही दिवस. मागच्या फायनलमध्ये चुकलेला फटका तीनच महिने जुना. असल्या वेळी 'आज दुसऱ्या कुणाला तरी मारू दे' म्हणण्याची सोय असते. तो गेला, चेंडू ठेवला, जेमतेम दोन पावलं मागे आला. नॉयर एका बाजूला झेपावला, चेंडू दुसऱ्या बाजूने जाळ्यात.

नंतरचा प्रवास? शांघाय (तिथेही अनेल्का सोबत), इस्तंबूलचा गालातासराय, पुन्हा चेल्सी, माँट्रियल आणि शेवटी अमेरिकेतला फीनिक्स. तिथे तर खेळाडू आणि सहमालक दोन्ही! नोव्हेंबर २०१८ मध्ये, चाळिशीत, बूट खुंटीला टांगले. आफ्रिकन कप मात्र हाती लागला नाही तो नाहीच. आयव्हरी कोस्टने तो २०१५ मध्ये जिंकला, तेव्हा ड्रोग्बाला देशाच्या संघातून निवृत्त होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. इथे मात्र लेट लतीफ जरा लवकरच निघाला!

ड्रोग्बाचं स्कोअरकार्ड
चेल्सी: ३८१ सामने, १६४ गोल
प्रीमियर लीग: ४ विजेतेपदं (२००५, २००६, २०१०, २०१५)
गोल्डन बूट: २००६-०७ (२० गोल), २००९-१० (२९ गोल)
एफए कप: चार वेगवेगळ्या फायनलमध्ये गोल करणारा पहिला खेळाडू
आयव्हरी कोस्ट: १०० हून अधिक सामने, ६५ गोल
वयाच्या विसाव्या वर्षी: प्रोफेशनल गोल शून्य