ऑर्किडवरील तांबेरा : पानामागे दडलेला रोग

ऑर्किडच्या पानाच्या वरच्या बाजूस फिकट पिवळे ठिपके उमटले आणि पान उलटून पाहता त्याच जागी नारिंगी किंवा तांबूस रंगाची बारीक भुकटी आढळली, तर तो तांबेरा असण्याची शक्यता मोठी असते. या रोगाच्या इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ लोखंडावरील गंज असा आहे. गहू आणि सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याने मराठीत रुळविलेला तांबेरा हा शब्द मात्र अधिक नेमका म्हणावा लागेल. त्यात रंगही आला आणि रोगही.

तांबेरा उत्पन्न करणाऱ्या कवकांच्या सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. ही कवके केवळ जिवंत वनस्पतीवरच वाढतात. त्यामुळे ती यजमान वनस्पतीला सहसा मारून टाकत नाहीत, तिचे पोषण हळूहळू शोषून घेतात. हवेतून अथवा पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आलेला बीजाणू ओल्या पानावर रुजतो, त्याचा तंतू पर्णरंध्रातून आत शिरतो आणि काही काळाने पानाची त्वचा फोडून नवे बीजाणू बाहेर पडतात. बहुतेक ऑर्किडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस असल्याने रोगाची पहिली खूणही तेथेच दिसते आणि वरून पाणी घालणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते.

गव्हावरील काळ्या तांबेऱ्यासारख्या कवकांना जीवनचक्र पूर्ण करण्यासाठी दोन निरनिराळ्या वनस्पती लागतात व त्यांच्या पाच अवस्था असतात. ऑर्किडवरील अनेक तांबेऱ्यांची मात्र बीजाणूंची एकच नारिंगी अवस्था नोंदली गेली आहे. अशा अपूर्ण माहितीच्या कवकांना शास्त्रज्ञ ‘युरेडो’ या नावाखाली ठेवीत आले आहेत. ही एकच अवस्था ऑर्किडकडून ऑर्किडकडे पुन्हापुन्हा पसरू शकते आणि उत्पादकाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे घातक आहे.

तांबेऱ्याची आर्थिक ताकद जगाने कॉफीच्या मळ्यांत पाहिली. १८६९ मध्ये तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीवर ‘हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स’ या कवकाची नोंद झाली आणि पुढील काही दशकांत तेथील कॉफीची जागा चहाने घेतली. याच हेमिलिया प्रजातीतील ‘हेमिलिया अमेरिकाना’ ही जाती कॅटलिया या ऑर्किडवर आढळते. अर्थात कॉफीचा तांबेरा ऑर्किडवर जात नाही. ही कवके आपला यजमान फार काटेकोरपणे निवडतात. ‘स्फेनोस्पोरा केव्होर्कियानी’ हा त्यातल्या त्यात उदार म्हणावा लागेल. मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि फ्लोरिडा या भागांशी संबंधित असलेले हे कवक ऑर्किडांच्या अनेक प्रजातींवर वाढते.

गव्हाचे पीक निघाले की त्या शेतातील तांबेऱ्याचा आधार संपतो. ऑर्किडचे पान मात्र कित्येक वर्षे हिरवे राहते आणि कवकाला तेवढाच काळ आसरा देते. झाड मरत नाही. ते खंगते, फुलोरा कमी होतो, आणि डागाळलेल्या पानांचे रोप विकता येत नाही.

निदानात चूक होणेही सहज शक्य आहे. कोळी आणि खवलेकीड यांचा उपद्रव, सर्कोस्पोरासारख्या अन्य कवकांचे ठिपके, क्षारयुक्त पाण्याचे तांबूस डाग ही सारी लांबून सारखीच भासतात. पानाखालून ओला पांढरा कागद हलकेच फिरविल्यास तांबेऱ्याची नारिंगी भुकटी त्यावर उतरते. कोरडे पान झटकू नये, कारण त्याने बीजाणू शेजारच्या कुंड्यांवर उडतात. खात्रीसाठी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हवीच.

रोग ठरल्यावर रोप ताबडतोब वेगळे करावे. बाधित पान आधी पिशवीत झाकून मग कापावे व जाळून टाकावे. कात्री प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर तापवावी. पाणी सकाळी आणि मुळांशी द्यावे, म्हणजे रात्री पाने ओली राहत नाहीत. शेडनेटमध्ये हवा खेळती ठेवावी. मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य बुरशीनाशक निरोगी पानाचे रक्षण करते, आत शिरलेल्या कवकाला मात्र ते पोहोचत नाही. त्यासाठी आंतरप्रवाही औषधे लागतात. त्यांतील ट्रायझोल गटातील औषधांची मात्रा जास्त झाल्यास रोपाची वाढच खुंटू शकते. रोप एखादेच असेल, तर ते नष्ट करणे हाच अनेकदा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. महागडे, वर्षानुवर्षे जोपासलेले रोप जाळणे कोणालाही जड जाते, हे खरेच.

सिक्कीममध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. डेंड्रोबियम नोबिले हे या राज्याचे राज्यपुष्प असून सिंबिडियमची व्यावसायिक लागवड तेथे होते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९९६ मध्ये ऑर्किडविषयीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र याच राज्यातील पाक्योंग येथे स्थापन केले. परंतु सिक्कीमने रासायनिक शेती सोडली असून २०१६ मध्ये ते संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषित झाले. तेथील उत्पादकाला रासायनिक फवारणीचा मार्ग खुला नाही. स्वच्छता, पाण्याचे नियोजन आणि निरोगी रोपे यांवरच त्याची भिस्त आहे. प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत वाढविलेली उतीसंवर्धित रोपे या दृष्टीने मोलाची ठरतात.

चिंता केवळ बागांची नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथानुसार देशात ऑर्किडच्या १,२५६ जाती आहेत आणि त्यांपैकी ३८८ केवळ भारतातच आढळतात. या प्रदेशनिष्ठ जातींचा सुमारे एकतृतीयांश भाग पश्चिम घाटात आहे. परदेशी तांबेरा त्यांच्यापर्यंत पोहोचला, तर जंगलात ना पाने कापता येतील, ना रोपे वेगळी करता येतील. म्हणूनच २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून येणाऱ्या रोपांसोबत आरोग्य प्रमाणपत्र आवश्यक असते व प्रवेशस्थानी त्यांची तपासणी होते. सामानात लपवून आणलेले एखादे रोप ही साखळी तोडते. देशांतर्गत विकत वा भेट मिळालेल्या रोपालाही काही आठवडे इतरांपासून दूर ठेवावे आणि दर आठवड्यास त्याची पाने उलटून पाहावीत.