पाटीवरचे व्होल्ट आणि गाभ्यातले लोखंड

ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर व्होल्टच्या शेजारी हर्ट्झही लिहिलेले असतात आणि हे दोन आकडे एकत्रच वाचायचे असतात. वेढे आणि गाभ्याची जाडी कारखान्यातच ठरून गेलेली असते. गाभ्यात चुंबकीय प्रवाह किती उठणार हे त्यानंतर व्होल्ट भागिले हर्ट्झ या एका हिशेबावर अवलंबून राहते.

विजेचा दाब, म्हणजे व्होल्ट, कमी मिळाला तर गाभ्याला काहीच होत नाही. दुय्यम बाजूचा दाब त्याच प्रमाणात उतरतो, पण तारेची करंट वाहण्याची मर्यादा तीच राहते. म्हणून २३० व्होल्टचा, ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर ११५ व्होल्टवर जेमतेम २५० व्हीए देऊ शकतो.

दाब जास्त झाला की गोष्ट वेगळी होते. ठरावीक पातळीनंतर लोखंड संपृक्त होते. मग दाब थोडासा वाढला तरी गुंडाळी कितीतरी जास्त करंट ओढते, गाभा गुणगुणतो, वेढे तापतात आणि त्यांचे इन्सुलेशन करपते. ११० व्होल्टची गुंडाळी थेट २३० व्होल्टला जोडली, तर फ्यूज उडणे हेच त्यातल्या त्यात नशीब.

खरा धोका मात्र थोड्या फरकात लपतो, कारण तिथे फ्यूज उडत नाही. भिलाईजवळच्या अहिवाऱ्यात, नंदिनीच्या चुनखडी खाणींच्या परिसरात काय, किंवा विदर्भातल्या एखाद्या गावात काय, गावाची डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, साधारणपणे ११,००० व्होल्टचे ४३३ व्होल्ट करणारी असते. ४३३ म्हणजे एका फेजला २५०. भार वाढला की लाइनीच्या टोकाला दाब पडतो, म्हणून ही वाढ मुद्दाम ठेवलेली असते. पण रात्री पंप बंद असताना डीपीलगतच्या घरात हा २५०चा दाब जवळजवळ पुरता पोचू शकतो. तिथे २२० व्होल्टच्या परदेशी अॅम्प्लिफायरच्या गाभ्यावर सुमारे १४ टक्के जादा ताण येतो. डीपीला टॅप असतील तर ते बदलून दाब खाली आणता येतो, पण ते काम लाइन बंद ठेवून वीज कंपनीनेच करायचे.

अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या उपकरणाला दाब उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ ५०च राहतात. ११० व्होल्टवरसुद्धा गाभ्यावर १० टक्के ताण जास्त पडतो. १०० व्होल्ट दिले तर हिशेब बरोबर जुळतो.

काही ट्रान्सफॉर्मरना ११५ व्होल्टच्या दोन प्राथमिक गुंडाळ्या असतात. त्या २३० व्होल्टसाठी एकापुढे एक जोडतात, ११५ साठी समांतर. समांतर जोडताना टोके उलटली तर शॉर्ट झाल्यासारखेच होते. २४० व्होल्टवर २२०चे उपकरण चालवायचे असेल, तर १८ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरची दुय्यम गुंडाळी विरुद्ध दिशेने मालिकेत जोडून दाब सुमारे २२२ वर आणता येतो. त्या गुंडाळीला उपकरणाचा पूर्ण करंट पेलावा लागतो. जोडणी जाणकाराकडून करून घ्यावी आणि आधी रात्रीचा दाब मीटरने मोजावा.