लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा ॲनिमिया आणि आतड्यातील बिघाड : किशोरवयीन मुलांच्या पालकांसाठी

बंगळुरू : मुलगी चौदा वर्षांची आहे. दोन वर्षांत तिची उंची जेमतेम वाढली आहे. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर सरकत नाही. तोंड वारंवार येते, पोट फुगते, वर्गातील मैत्रिणींना पाळी सुरू झाली तरी हिला अद्याप नाही. नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी घरात असे चित्र दिसले, तर सल्ले देणाऱ्यांची उणीव भासत नाही. कोणी जंताचे औषध सुचवते, कोणी परीक्षेचा ताण म्हणते, कोणी नव्या शहराच्या पाण्याला दोष देते. या लक्षणांमागे अनेक कारणे असू शकतात. त्यांतील एक मात्र रक्ताच्या साध्या तपासणीत सापडण्याजोगे असूनही पुष्कळदा वर्षानुवर्षे निसटते. ते कारण म्हणजे सिलिॲक हा ऑटोइम्यून आजार. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते.

या हल्ल्याला निमित्त ठरते ते गहू, जव आणि राय यांतील ग्लुटेन हे प्रथिन. ग्लुटेनचे काही तुकडे पाचकरसांनी पूर्णपणे सुटे होत नाहीत. आतड्याच्या अस्तरातील ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर त्या तुकड्यांत किंचित बदल घडवते. ज्यांच्या जनुकांत एचएलए-डीक्यू2 किंवा डीक्यू8 हे प्रकार असतात, त्यांच्यापैकी काहींच्या प्रतिकारपेशी या बदललेल्या तुकड्यांना शत्रू समजतात. लहान आतड्याच्या आतील बाजूस मखमलीसारखी सूक्ष्म बोटे असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम तीच करतात. या लढाईत ती झिजून सपाट होतात. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि आघातही तेथेच अधिक होतो. त्यामुळे गोळी पोटात जाते, पण लोह रक्तापर्यंत पोहोचत नाही. जुलाब हे या आजाराचे ठळक लक्षण मानले जाते. किशोरवयात मात्र ते नसूही शकतात आणि काही मुलांना तर बद्धकोष्ठच असते.

भारतात या आजाराचा भूगोल विलक्षण आहे. देशाच्या उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांतील 23 हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सिलिॲकचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के, तर दक्षिणेत केवळ 0.10 टक्के आढळले. आजाराला पोषक जनुके तिन्ही भागांत जवळपास सारखीच, म्हणजे सुमारे एक तृतीयांश लोकांत होती. गव्हाच्या सेवनात मात्र मोठी तफावत होती. ते उत्तरेत दिवसाला सरासरी 455 ग्रॅम, तर दक्षिणेत 25 ग्रॅम होते. दक्षिणेत हा आजार विरळ आहे, हा समज त्यामुळे खराच ठरतो. पण ही सरासरी प्रदेशाची आहे, समोर बसलेल्या मुलीची नव्हे. जिच्या डब्यात बालवाडीपासून पोळी-भाजी आहे, तिला केवळ बंगळुरूत राहते म्हणून या तपासणीतून वगळण्याचे कारण नाही.

तपासणीच्या बाबतीत पालकांकडून एक चूक सर्रास घडते. गव्हाची शंका येताच घरातील पोळी बंद केली जाते, मुलीला थोडे बरे वाटते आणि मग डॉक्टरांकडे जाणे होते. तोवर रक्तातील प्रतिपिंडे ओसरू लागतात, आतडेही सावरू लागते आणि अहवाल फसवा निर्दोष येतो. म्हणून निदान होईपर्यंत गहू चालू ठेवणे आवश्यक आहे. पहिली तपासणी टीटीजी-आयजीए या प्रतिपिंडाची असते. तिच्याबरोबर एकूण आयजीएचे प्रमाणही मोजावे लागते. ज्यांच्यात आयजीएच कमी असते, त्यांची पहिली तपासणी आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. पुढे एंडोस्कोपी करून आतड्याचे नमुने घेतले जातात. मुलांमध्ये टीटीजी सर्वसाधारण मर्यादेच्या दहापट वा अधिक असेल आणि दुसऱ्या नमुन्यातील वेगळ्या प्रतिपिंडानेही दुजोरा मिळाला, तर बायोप्सीविना निदान करण्यास युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना मुभा देतात. जनुकीय चाचणी नकारात्मक आली, तर सिलिॲकची शक्यता जवळपास संपते. ती सकारात्मक आली तरी काहीच सिद्ध होत नाही, कारण तशी जनुके असलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही.

अलीकडे पालक आणखी एक प्रश्न विचारतात : आतड्यातील जिवाणूंचे काय? प्रश्न रास्त आहे. आपल्या शरीरात अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींशीही त्यांचा संबंध आहे. याच पेशींच्या संशोधनासाठी मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. मात्र शौचाचा नमुना घेऊन जिवाणूंची रंगीत यादी देणाऱ्या घरपोच चाचण्यांनी सिलिॲकचे, किंवा अन्य कोणत्याही ऑटोइम्यून आजाराचे, निदान होत नाही. प्रोबायोटिकच्या डब्यांनी तो बराही होत नाही. यावर खर्च होणारे पैसे एक वेळ परवडतील, पण वाया जाणारे महिने परवडत नाहीत. उंची वाढवणाऱ्या हाडांच्या टोकांवरील कूर्चा किशोरवयाच्या अखेरीस मिटते आणि त्यानंतर राहिलेली उंची भरून निघत नाही.

उपायाने बरे वाटणे आणि कारण कळणे या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, हे या आजाराचाच इतिहास सांगतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास यांनी 1924 मध्ये अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला. मुले सुधारली आणि श्रेय केळ्यांना मिळाले. खरे कारण वेगळे होते, त्या आहारात पाव नव्हता. नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना गव्हाचा संशय पूर्वीपासून होता. 1944-45 च्या दुष्काळात तेथे पाव दुर्मीळ झाला, तेव्हा त्यांचे बालरुग्ण सुधारले आणि पाव परतताच पुन्हा खालावले. डिके यांचा प्रबंध 1950 मध्ये सादर झाला.

निदान पक्के झाले तर आज एकच सिद्ध उपचार आहे : ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य. बंगळुरूत हे वाटते तितके कठीण नाही. रागी मुद्दे, तांदळाची अक्की रोट्टी, ज्वारीची भाकरी, साधी इडली हे सारे चालते. दर्शिनीतील खारा बात आणि केसरी बात मात्र रव्याचे असतात. रवा इडलीही वर्ज्य, कारण तीत गव्हाचाच रवा. खरी फसगत लपलेल्या गव्हाने होते. बाजारातील बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे ज्या सांबारात गहू असल्याची कोणाला शंकाही येणार नाही, तेही वर्ज्य ठरू शकते. गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेले ज्वारीचे पीठही निर्धोक नाही. वेष्टनावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार ग्लुटेन किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये.

शंका असूनही तपासणीत सिलिॲक आढळला नाही, तर शोध तेथे थांबत नाही. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, सतत घटणारे वजन अशा लक्षणांत क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या आजाराचा विचार होतो. भारतात त्यापूर्वी आतड्याचा क्षयरोग नाकारणे अनिवार्य असते. दोन्ही आजार एंडोस्कोपीत एकमेकांसारखे दिसू शकतात आणि क्रोन्ससाठी दिलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे क्षयरोगाला मोकळे रान देतात. येथे निदानाला वेळ लागला, तर पालकांनी तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा समजू नये.

आईला बहुधा एक प्रश्न छळतो : आपल्याच स्वयंपाकाने हे झाले का? नाही. तीच पोळी घरातील इतरांनीही खाल्लेली असते, जनुके मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणूनच सिलिॲकचे निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांची आणि भावंडांची रक्ततपासणी सुचवली जाते, त्यांना कोणताही त्रास नसला तरी. टाइप-1 मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून विकार असलेल्या मुलांनाही ती लागू आहे. मधुमेही मुलांत ती निदानाच्या वेळी आणि पुन्हा दोन व पाच वर्षांनी करावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ग्लुटेन थांबवल्यावर पोटाच्या तक्रारी बहुधा काही आठवड्यांत कमी होतात. प्रतिपिंडे मर्यादेत येण्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. वजन-उंचीची नोंद आणि टीटीजीची फेरतपासणी सुरुवातीला साधारण सहा महिन्यांनी होते.