धार-देवासचं पेट्रोल किती?

मंडळाची यंदाची अभ्याससहल माळव्यात न्यायची, असं ठरतं आहे. कारणं भरपूर आहेत. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म धारच्या किल्ल्यातला. 'अ पॅसेज टू इंडिया' लिहिणारा ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव होता. आणि कुमार गंधर्व १९४८ पासून अखेरपर्यंत देवासातच राहिले. साहित्याच्या विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

हवे असतात पैसे. इंदूरपर्यंत रेल्वे, तिचं तिकीट छापील असतं. पुढे एका मित्राच्या मामांची छोटी पेट्रोल कार मिळणार आहे. आम्ही पाच जण, गाडी तो मित्रच चालवणार. पेट्रोलचं काय, असं विचारलं की ग्रुपवर उत्तर येतं, "बघू रे, शेवटी हिशेब करू." हे उत्तर ऐकायला दिलदार वाटतं. पण ज्याच्या घरी तीनशे रुपयेसुद्धा विचारून घ्यावे लागतात, तो नेमका इथेच "मी नंतर सांगतो" म्हणून गप्प होतो. म्हणून आकडा आधी काढायचा. तो काढायला तीन गोष्टी लागतात : अंतर, गाडीचं ॲव्हरेज आणि पेट्रोलचा दर.

अंतर : इंदूर ते धार साधारण ६५ किलोमीटर, बेटमा आणि घाटाबिल्लोदवरून. धारहून इंदूरमार्गे देवास साधारण १००. देवासहून परत इंदूर ४०. झाले २०५. पण गाडी काही नकाशातल्या रेघेवरून चालत नाही. गावात फिरणं, पार्किंग शोधणं, रस्ता चुकणं यासाठी १५ धरू. एकूण २२० किलोमीटर.

ॲव्हरेज : कंपनीने छापलेला आकडा इथे वापरू नका. तो ठरावीक चाचणीत मिळालेला असतो. आपल्या गाडीत पाच माणसं, बॅगा, एसी आणि मध्येच ट्रॅफिक असतो. खरं ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. टाकी फुल करा आणि मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवा. काही दिवस गाडी नेहमीसारखी चालवा, मग पुन्हा टाकी फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. समजा गाडी ३५२ किलोमीटर चालली आणि दुसऱ्यांदा २२ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १६. हे मोजमाप जुनं असेल तर पुन्हा करा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. टायरमध्ये हवा कमी असली तरी ॲव्हरेज घसरतं.

दर : आपल्या गावचा दर इंदूरला चालत नाही. पेट्रोल जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपला व्हॅट लावतं. शिवाय १६ जून २०१७ पासून दर रोज सकाळी सहाला ठरतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी इंदूरचा दर बघायचा. उदाहरणासाठी १०७ रुपये धरू.

आता गणित. २२० भागिले १६, म्हणजे १३.७५ लिटर. गुणिले १०७, म्हणजे १,४७१ रुपये. छापील २२ च्या ॲव्हरेजवर विसंबलो असतो, तर आकडा १,०७० आला असता. हा चारशेचा फरक शेवटी गाडीवाल्याच्या खिशातून जातो, कारण पंपावर तोच उभा असतो.

मला यातली सगळ्यात उपयोगी वाटते ती किलोमीटरमागची किंमत : १०७ भागिले १६, म्हणजे ६.६९ रुपये. ती डोक्यात असली की वाटेतले मोहसुद्धा मोजता येतात. धारला पोचल्यावर कुणीतरी म्हणणारच, "मांडू इथून ३५ किलोमीटरच आहे, जाऊया ना!" जाऊन-येऊन ७०, म्हणजे आणखी ४६८ रुपये, माणशी ९४. जावं की नाही ते सगळ्यांनी ठरवावं, पण आकडा ऐकून ठरवावं.

वर्गणी काढताना १,४७१ वर दहा टक्के चढवू, साधारण १,६२०. पाच जणांत माणशी ३२४. पण मित्र गाडी देतोय, दिवसभर चालवतोय, गाडीची झीजही मामांच्याच माथी. त्याला पेट्रोलमधून वगळलं तर उरलेल्या चौघांना माणशी ४०५ येतात. फरक ८१ रुपयांचा. माझं मत चौघांत वाटण्याचं आहे. तुमचं वेगळं असू शकतं, फक्त ते गाडीत बसण्याआधी सांगा. टोलचा रकाना वेगळा ठेवा. तो फास्टॅगमधून आपोआप कापला जातो, म्हणून मामांना द्यायचा विसरला जातो.

हा सगळा अंदाज वर्गणी काढण्यापुरता. प्रत्यक्ष हिशेब याहून सोपा आहे. निघताना टाकी फुल करून घ्यायची, त्याचे पैसे मामांचे. परतल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल करायची, ते बिल आपलं. जितकं बसलं तितकंच आपण जाळलं. वर्गणीतून उरलेले पैसे त्याच संध्याकाळी परत करायचे.

आणि सहलीच्या सूचनेत देवासच्या टेकडीच्या फोटोबरोबर पहिल्याच ओळीत लिहायचं : पेट्रोल माणशी जास्तीत जास्त ४०५ रुपये. मग ज्याला जमणार नाही तो घरी बसूनच शांतपणे ठरवू शकेल, किंवा मंडळाच्या निधीतून मिळेल का, असं आधीच विचारू शकेल. चारचौघांत, पंपावर, पाकीट चाचपत उभं राहायची वेळ कुणावर येणार नाही.